अंगठ्याची जागा

मु. पो. उंबरदरा, ता. अकोले, जि. अहमदनगर
५ मार्च १९७२

कडूबाई,

वर आशीर्वाद लिहिलेला नाही, तो विसरून नाही. रागाच्या भरात दिलेला आशीर्वाद लागत नाही, म्हणून बाजूला ठेवलाय.

तुझं पाकीट काल आलं. हाताला जाड लागलं. वाटलं, पोरीनं एकदाचं मोठं पत्र लिहिलं. हातपाय धुऊन, चष्मा पुसून ओट्यावर बसलो आणि फोडलं, तर आत इंग्रजीत टाइप केलेला एक कागद आणि त्याला टाचणीनं लावलेली चार ओळींची चिठ्ठी. "गुरुजी, इथं माझा व्हिसा बदलायचा आहे. सोबतच्या ॲफिडेव्हिटवर पेन्सिलीनं फुली केली आहे तिथं मॅजिस्ट्रेटसमोर अंगठा करून कागद पंधरा जुलैच्या आत शिकागोला पोचेल असा पाठवा. घाईत आहे. कारण सवडीनं लिहिते."

अंगठा. तो शब्द मी तीनदा वाचला. चष्म्याची काच पुन्हा पुसून वाचला.

इंग्रजी मला बेताचंच येतं. शब्दकोश काढला आणि दुपारभर बसून मी स्वतः निरक्षर असल्याचं भाषांतर करून काढलं. "मी, रंभाजी कोंडाजी वाकचौरे, धंदा शेती, लिहितावाचता येत नाही, शपथेवर सांगतो की माझी मुलगी कडूबाई हिची खरी जन्मतारीख ११ डिसेंबर १९४७ आहे. आमच्याकडे तारखा ठेवण्याची पद्धत नाही. शाळेत घालताना मी अंदाजानं वय सांगितलं आणि शाळेच्या मास्तरांनी १ जून १९४६ ही तारीख लिहून घेतली."

शाळेचे मास्तर. कोण गं ते मास्तर? त्यांचं नाव तुझ्या वकिलाला सांगितलंस का? अडतीस वर्षं खडू झिजवला मी. बासष्ट साली या गावातला शेवटचा अंगठा बंद केला. कलेक्टर आले होते, तू साडी सावरत पहिल्या रांगेत बसली होतीस. वरच्या आळीची रंगुबाई सत्तराव्या वर्षी सही शिकली. अजून रेशनच्या दुकानात शाईचा पॅड पुढं केला की ती दुकानदाराला म्हणते, "त्यो तुझ्या बापाला दे." आणि माझी लेक मला तोच पॅड शिकागोहून पाठवते.

आता व्हिसाचं. आधीचा व्हिसा कसला होता ते मी विसरलेलो नाही. जायच्या आदल्या दिवशी तूच मला वाचून दाखवला होतास. एक्स्चेंजचा. म्हणजे तिथल्या दवाखान्यात दोन वर्षं काम करायचं, शिकायचं, आणि शिकलेलं घेऊन आपल्या देशात परत यायचं. मी गावाला तसंच सांगितलं. तालुक्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांशी बोलून ठेवलं. गेल्या ऑगस्टात तू दोनाची तीन वर्षं केलीस आणि करून झाल्यावर कळवलंस. तेव्हापासून मी लिहायचं बंद केलं. आता सप्टेंबरात तीन संपतायत, तर व्हिसाच बदलायचा निघालाय. आधीचा परत येण्याचा, नवा राहण्याचा. सरळ तसं लिहायला काय झालं होतं?

सही करणार नाही. अंगठ्याचं तर नावच काढू नकोस.

रंभाजी वाकचौरे
(निवृत्त मुख्याध्यापक. हे तुझ्या वकिलाला इंग्रजीत सांग.)


९ एप्रिल १९७२

कडूबाई,

तुझं सहा पानी पत्र मिळालं. सवड झाली म्हणायची. राग कमी झाला असेल असं समजू नकोस, आता त्याला कारणं जास्त मिळालीत.

मला जे समजलं ते लिहितो, चुकत असेल तर सांग. नव्या व्हिसाला त्यांनी जन्माचा दाखला मागितला. तू साधेपणानं श्रीरामपूरच्या मिशन दवाखान्याला लिहिलंस. त्यांनी पंचवीस वर्षांपूर्वीचं रजिस्टर उघडून उतारा पाठवला. त्यात तारीख निघाली ११ डिसेंबर १९४७. पासपोर्टवर शाळेच्या दाखल्यातली १ जून १९४६. एका बाईला दोन वाढदिवस कसे, म्हणून तिथला साहेब अडून बसला.

आता वकील म्हणतो की बाप अडाणी असेल तर चूक भोळेपणाची, माफ होते. पण बापच मास्तर असेल, आणि तारीख त्यानंच जाणूनबुजून खोटी लिहिली असेल, तर शाळेचा दाखला खोटा. नर्सिंगला प्रवेश सतरा वर्षं पुरी झाल्यावर मिळतो आणि तुझी तेव्हा साडेपंधराच झाली होती, तेव्हा तोही प्रवेश खोटा, सर्टिफिकेट संशयाचं. मग नवा व्हिसा विसरायचा आणि सप्टेंबरात विमानात बसायचं. शिवाय तुझं म्हणणं असं की मास्तरचं नाव निघालं तर इथं माझ्यावर चौकशी लागेल. म्हणून तू मला निरक्षर केलंस. माझ्या भल्यासाठी. उपकार झाले.

तू विचारलंस, "गुरुजी, दवाखान्यात जन्मले, तारीख कागदावर होती, मग तुम्ही खोटी का लिहिली?" पंचविशी आली तेव्हा हा प्रश्न सुचला तुला.

या गावात तारीख असलेलं एकच पोर होतं, ते तू. तुझ्या आधीचे दोघे कमी दिवसांचे निघाले, एक चार दिवस टिकला, दुसरा एक रात्रसुद्धा नाही. म्हणून तुझ्या आईला, साळूला, मी सातव्या महिन्यातच श्रीरामपूरला नेऊन ठेवलं. गावानं वेड्यात काढलं मला. तू जगलीस, दृष्ट लागू नये म्हणून नाव कडू ठेवलं. बाकीच्या पोरांच्या आया सांगायच्या, "भात झोडायला आल्ता तवा झाला," नाहीतर "धरनाचं पानी सोडल्यालं तवाची." त्यावर मी तारीख काय लिहिणार? शाळा जूनमध्ये उघडते, पोर तेव्हा सहा वर्षांचं लागतं, म्हणून एक जून. माझ्या गुरुजींनी मलाही एक जूनच दिला होता.

पण तुझी मला पाठ होती. बावन्नच्या चैत्रात साळू तापानं गेली. तू सव्वाचार वर्षांची. घरात दुसरं माणूस नाही. शाळेत मी एकटा, चार वर्ग एका खोलीत. तुला कुठं ठेवणार होतो? खांद्यावर घेऊन जायचो आणि टेबलाजवळ गोणपाटावर बसवायचो. कुणीतरी तालुक्याला अर्ज केला की मास्तर सरकारच्या वेळात स्वतःचं पोर सांभाळतो. दिपोटीसाहेब शाळा तपासायला येणार अशी वर्दी आली, त्याच्या आदल्या दिवशी मी जनरल रजिस्टरात तुझं नाव घातलं. इयत्ता पहिली, जन्म एक जून शेहेचाळीस. साहेब आले तेव्हा तू गोणपाटावर आडवी होऊन झोपली होतीस. ते म्हणाले, "ही सहा वर्षांची?" मी म्हणालो, "आई नाही, साहेब, अंग धरलं नाही." त्यांनी रजिस्टरवर सही केली.

ही माझी अंदाजाची चूक. घरी आल्यावरसुद्धा तू मला गुरुजीच म्हणायचीस, वर्गात सवय लागली म्हणून. मी कधी बदलायला सांगितलं नाही. सांगायला हवं होतं.

तेव्हा मी लिहीन तर हे लिहीन. शपथेवर, सहीनिशी, हुद्द्यासकट. त्यानं तुझा व्हिसा बुडाला तर बुडाला.

रंभाजी वाकचौरे


१८ मे १९७२

कडूबाई,

तुझं उत्तर यायच्या आत हे लिहितोय, कारण डोकं फिरलंय आणि घरात ऐकायला कुणी नाही.

जत्रेला सहादेव आला होता. सहादेव आवारी, तुझ्या वर्गातला, आता श्रीरामपूरला मार्केट कमिटीत कारकून आहे. माझ्या तोंडून सगळं निघून गेलं. त्यानं ऐकून घेतलं आणि त्याचा चेहराच उतरला.

"गुरुजी, माजी तारीख बी एक जूनच हाय," म्हणाला. "आमच्या वर्गाची समद्यांची. तुमी मास्तर म्हून लिवून दिलं, तारखा मनानं टाकल्या, तर उद्या आमचं काय? भिवा एस्टीत हाय, नामदेव पोलिसात. समदे एकाच दिवशी रिटायर व्हनार, त्ये ठीक हाय, पन आत्ताच घरी बसवू नगा."

मी म्हणालो, "गप्प बस. अमेरिकेत गेलेला कागद मार्केट कमिटीत येत नसतो."

त्यानं भाकरी खाल्ली, हात धुतला. मग उंबऱ्यात उभा राहून म्हणाला, "गुरुजी, येक इचारू? खरं लिवलं म्हंजी कडू परत येती. व्हय ना? मंग तुमी तिच्यावर रागावून खरं लिवताय, का ती यावी म्हून खरं लिवताय?"

मी त्याला चालता हो म्हणालो. माझ्याच हाताखाली बाराखडी शिकलेला, माझ्याच वर्मावर बोट ठेवतो. तो गेला, चपला घालायलाही थांबला नाही, हातात घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी मीच पोस्टानं त्याला कार्ड टाकलं की राग मानू नकोस.

आता लपवून काय उपयोग? मी खरं ॲफिडेव्हिट लिहून ठेवलंय. तालुक्याला वकिलाकडून इंग्रजी करून घेतलं, टाइप करून आणलं. पाकिटावर तुझा पत्ता घातला, तिकिटं लावली. सही मॅजिस्ट्रेटपुढं करायची तेवढी बाकी आहे. ट्रंकेत आहे. सही करून पोस्टात टाकलं की दिवाळीला तू घरी. मी मागची खोलीसुद्धा सारवून घेतली, हेही सांगून टाकतो. गेल्या ऑगस्टापासून तुझी पत्रं मी चार-चार वेळा वाचत होतो आणि उत्तर देत नव्हतो, हेही. झालं समाधान?

आणि खोटं काय लिहिलंय त्यात? एक अक्षर नाही. खरं बोलायचं, माझी इज्जत राखायची, आणि वर पोरगी घरी यायची. यात वाईट काय आहे ते मला कुणी सांगावं. तीन दिवस झाले, कुणी सांगत नाही, आणि मला झोप नाही.

रंभाजी


१३ जून १९७२

कडूबाई,

तुझं पत्र आलं. मी खूप भडकलोय, तेव्हा नीट वाच.

तुझ्या वॉर्डाचं लिहिलंस ते समजलं. कमी दिवसांची पोरं काचेच्या पेटीत ठेवतात, नळीनं दूध देतात, सव्वा शेराचं पोरसुद्धा घरी जातं. तू त्या वॉर्डाची मुख्य आहेस. "माझे दोघे भाऊ इथं असते तर जगले असते," असं लिहिलंस. ते वाचून मी पत्र खाली ठेवलं आणि ओरडलो. ओट्यावर एकटाच होतो. म्हणालो, मग इथं ये की, इथं मरतात ना पोरं, तिथं कशाला बसलीस?

पुढच्या पानावर तू त्याचं उत्तर आधीच देऊन ठेवलंस. श्रीरामपूरला तीन वर्षं होतीस, पेटी नव्हती, हातात धरून बसायचीस आणि सकाळी आईला काय सांगायचं ते ठरवायचीस. तालुक्याच्या दवाखान्यात पेटीचं सोड, वीज नाही. हे मला ठाऊक आहे. तिथल्या डॉक्टरांशी मीच बोललो होतो. त्यांनी मला हे तेव्हाच सांगितलं होतं, मी तुला सांगितलं नाही.

पण मी भडकलोय ते शेवटच्या ओळीवर. "गुरुजी, तुम्हाला खरं लिहायचं असेल तर लिहा. तुम्ही ये म्हणालात तर मी येईन. वकिलाला तसं सांगून ठेवलं आहे."

येईन म्हणे. ते येईन मला चांगलं ओळखू येतं. अडतीस वर्षं ऐकलंय. पोर खिडकीतून बाहेर बघत असतं, आपण नाव घेतलं की उठून उभं राहतं आणि म्हणतं, हो गुरुजी. तू बापाला लिहिलेलं नाहीस ते, मास्तरला लिहिलंस. एवढी पंचविशीतली मुख्य नर्स, आणि माझ्यापुढं अजून हात बांधून उभी. आणि ते मीच शिकवलंय, या विचारानं मला माझाच इतका राग आला की ट्रंकेतला कागद पाकिटासकट काढून चुलीत घातला. तिकिटंसुद्धा काढून घ्यायचं सुचलं नाही.

ओझं माझ्यावर टाकून मोकळी झालीस, हे लक्षात ठेव. तुला भांडता आलं असतं. "नाही येणार" असं दोन शब्दांत लिहिता आलं असतं. मी शिव्या दिल्या असत्या आणि बरं वाटलं असतं.

शनिवारी श्रीरामपूरला जातोय. इथं तालुक्याला मला सगळे ओळखतात, इथं ते जमणार नाही.

रंभाजी


२० जून १९७२

कडू,

काम झालं. कागद सोबत आहे, रजिस्टर्ड हवाई टपालानं पाठवतोय. मिळाल्यावर लगेच कळव, माझा जीव त्यात अडकून राहायला नको.

शनिवारी गेलो, पण साहेब दौऱ्यावर होते. सहादेवच्या खोलीवर दोन दिवस राहिलो. ओळख पटवायला तोच आला सोमवारी. मी धोतर नेसलो, तुझ्या आजोबांचा जुना पटका बांधला, खिशातलं पेन सहादेवच्या घरी ठेवलं. चष्मासुद्धा ठेवला. चालताना दोनदा ठेच लागली.  कचेरीच्या पायऱ्यांवर सहादेव म्हणाला, "गुरुजी, अजून मागं फिरू." मी म्हणालो, "गुरुजी म्हणू नकोस. आत गेल्यावर तर मुळीच नाही. मामा म्हण."

कारकुनानं मजकूर मराठीत वाचून दाखवला. निरक्षराला वाचून दाखवावा लागतो, तसा नियम आहे. तो एका ओळीवरून दुसऱ्या ओळीवर उडत होता, मधलं एक वाक्य पूर्ण गाळलं, आणि मी गप्प बसून मान हलवत होतो. असं वाचणाऱ्या पोराला मी आयुष्यात खाली बसू दिलेलं नाही.

मग साहेबांपुढं नेलं. तरुण माणूस, कुठला बाहेरचा, स्वभावानं चांगला दिसला. म्हणाला, "समजलं का बाबा, काय लिहिलंय ते? मुलगी परदेशात राहायला परवानगी मागतेय." मी म्हणालो, समजलं. त्यानं पॅड पुढं केला. कारकुनानं माझा अंगठा धरून शाईत दाबला आणि कागदावर टेकवला. मला स्वतःला येणार नाही असं त्याला वाटलं. मी टेकवू दिला.

तू मला विचारणार की राग गेला का. नाही गेला. तू जाणार याचा आहे, तो मरेपर्यंत राहील, त्याची तू काळजी करू नकोस, तो माझा मी सांभाळीन. पण एवढं कर. पुढचं पत्र लिहिशील त्यात वर गुरुजी लिहू नकोस. दुसरं काहीही लिही. आणि भांडायचं असेल तर भांड.

निघताना साहेबांना माझी दया आली असावी. शिक्का मारता मारता म्हणाले, "बाबा, सही तरी शिकून घ्यायची होती. गावोगाव सरकारनं शाळा काढल्या, रात्रीचे वर्ग चालवले. तुमच्या गावात मास्तर नव्हता का?"

सहादेवनं मान खाली घातली.

मी म्हणालो, "हुता की, साहेब. लई तापट हुता. म्हून मी शाळंत गेलोच न्हाई."